सकाळच्या गारठ्यात लोगोवर पडणारा बिलिंगचा पीसी : एका दुरुस्तीची पूर्ण नोंद

निफाड तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रातलं हे मशीन. डिसेंबर महिना, द्राक्षांवरच्या भुरी-डावणी रोगांच्या फवारण्यांचा हंगाम, त्यामुळे दुकान उघडल्यापासून काउंटरवर गर्दी. बटण दाबलं की आधी मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह येतं, मग विंडोजचा लोगो आणि त्याखाली फिरणारे ठिपके. ठिपक्यांचे चार-सहा फेरे होतात न होतात तोच स्क्रीन काळी होते आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कधी काळ्या स्क्रीनऐवजी निळी येते. असं पाच-सहा वेळा झालं की एकदाचं विंडोज उघडतं, आणि मग संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत एकदाही अडत नाही. दुपारी मुद्दाम रीस्टार्ट केलं तरी निमूटपणे उघडतं.

महिनाभरात या मशीनला दोनदा फॉरमॅट मारून झाला होता आणि एकदा रॅमही बदलून झाली होती. दोन्ही वेळा काम दुपारी झालं. दुपारी मशीन चाललं म्हणून ते दुरुस्त समजलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच सुरू झालं.

मशीनची जुळणी अशी: इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच-८१ मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), डीडीआर-थ्रीच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोज १० साठी २४० जीबीची साटा एसएसडी, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि जुन्या फाइलींसाठी ५०० जीबीची हार्डडिस्क, कॅबिनेटसोबतच आलेला '४५० वॅट' लिहिलेला एसएमपीएस (भिंतीतली वीज बदलून मशीनच्या भागांना पुरवणारा डबा), आणि बाहेर ६०० व्हीएचा यूपीएस. ग्राफिक्स कार्ड नाही.

तक्रारीतच अर्धं निदान

दुकानदाराला विचारायचे प्रश्न तीनच होते. थंड मशीन पडतं की तापलेलं? निळ्या स्क्रीनवर दर वेळी तेच नाव येतं की वेगवेगळं? आणि रात्री भिंतीवरच्या सॉकेटचं बटण बंद होतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं आहे. धूळ बसलेला पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट, तापणारा प्रोसेसर यांनी बिघडलेलं मशीन सकाळी चांगलं चालतं आणि वापरता वापरता पडतं. इथे नेमकं उलट होतं, म्हणजे उष्णतेचा संशय पहिल्याच मिनिटाला बाद. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की रात्री मेन स्विचच बंद करतात. मेन चालू असेल तर पीसी बंद असतानाही एसएमपीएसमधलं ५ व्होल्टचं स्टँडबाय सर्किट जागं असतं आणि आत थोडी ऊब राहते. मेन बंद केला की रात्रभरात सगळा डबा खोलीइतका गार होतो. निफाडच्या थंडीत त्या खोलीचं तापमान किती उतरतं हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे दर हिवाळ्यात वाचणाऱ्यांना सांगायला नको.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नव्हतं, कारण निळी स्क्रीन वाचून होण्याआधीच मशीन रीस्टार्ट व्हायचं. विंडोजमध्ये ही सवय मुळातच चालू असते, ती आधी बंद केली. दुपारी मशीन चालू असताना सिस्टिम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी या वाटेने जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढली. विंडोज उघडतच नसेल तर दुसरी वाट आहे. लागोपाठ दोन-तीन वेळा बूट अर्धवट राहिला की रिकव्हरीची निळी पाटी आपोआप येते. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट असं जायचं आणि पुढच्या यादीत ९ आकडा दाबायचा. मात्र ती सोय तेवढ्या एका बूटपुरती टिकते. जुनी एफ-८ ची कळ विंडोज १० मध्ये मुळात बंद ठेवलेली असते, त्यामुळे ती बडवत बसण्यात अर्थ नाही.

पुढच्या सकाळी निळ्या स्क्रीनचे फोटो मिळाले. एकावर मेमरी मॅनेजमेंट, दुसऱ्यावर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, तिसऱ्यावर सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. बाकीच्या वेळी निळी स्क्रीन आलीच नाही, मशीन सरळ काळं होऊन उठलं. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर; त्यात त्या वेळांना कर्नल-पॉवर ४१ ची (मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याची) नोंद होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा चूक-क्रमांक, शून्य. शून्याचा अर्थ असा की काय झालं हे विंडोजलाही कळलं नाही. त्याच्या पायाखालची वीजच गेली किंवा बोर्डला वरून रीसेट मिळाला.

एखादा ड्रायव्हर खराब असेल तर तो दर वेळी तीच चूक करतो, तेच नाव आणि बऱ्याचदा तीच फाइल दाखवतो. इथे नाव रोज बदलत होतं आणि अधूनमधून नावच नव्हतं. अशा वेळी त्या नावाने गुगल करत बसू नये. तीन नावांचे तीन वेगळे उपाय सापडतात आणि तिन्ही निरुपयोगी ठरतात. इथून पुढे संशयित दोनच उरले: मेमरी आणि वीज.

किरकोळ संशय झटपट मिटवले

हात लावण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर आणि बिलांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. बिघाड माहीत नसताना, रोज पाच-सहा वेळा अर्ध्यात पडणाऱ्या मशीनवर डेटाची एकच प्रत असणं ही चालू न होण्यापेक्षा मोठी आपत्ती आहे. त्याच वेळी मशीनमधल्या दोन्ही डिस्कांचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहिला. हार्डडिस्कमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग (खराब झालेले आणि संशयित) सेक्टर शून्य, एसएसडीची तब्येत उत्तम, साटा केबलची चूक दाखवणारा सीआरसीचा आकडाही स्थिर.

यूपीएस आणि स्पाईक बस्टर बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं. प्रिंटर आणि डोंगल काढले, फक्त कीबोर्ड ठेवला. फरक पडला नाही. सॉकेटवर सकाळी २२६ व्होल्ट मिळत होते, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला फरक २ व्होल्टच्या आत होता. बोर्डवरचा सीआर-२०३२ सेल २.६ व्होल्टवर आला होता, तो बदलला. हा सेल उतरला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या प्रोग्रामच्या, सेटिंग मूळ जागी जातात. काही बोर्डांवर त्यात साटाचा प्रकार बदलतो आणि इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस ही निळी स्क्रीन येते. पण इथे ते नाव कधी आलंच नव्हतं, त्यामुळे सेल बदलून दुखणं जाईल अशी अपेक्षा नव्हतीच.

फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर उघडायची सोय मात्र तपासणं भाग होतं. विंडोज १० मध्ये शट डाउन केलं तरी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही. त्याची प्रत डिस्कवर हायबरनेशन फाइलीत ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने भरलं जातं. म्हणजे 'सकाळी पडतं, रीस्टार्टला चालतं' हे लक्षण बिघडलेल्या हायबरनेशन फाइलनेही येऊ शकतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीच्या आज्ञेने हायबरनेशन बंद केलं. सकाळी मशीन पूर्वीसारखंच पडलं आणि हा मुद्दा संपला.

मेमरी : चूक दिसते, पण पट्टी निर्दोष

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट-८६ या प्रोग्रामची पेनड्राइव्ह आदल्या दुपारी लावून सोडली होती. मोफत आवृत्तीतल्या चारही फेऱ्या एकाही चुकीशिवाय पार पडल्या. इथेच थांबलं तर रॅम चांगली असं लिहून मोकळं होता येतं, आणि ते लिहिणं बरोबरही निघालं असतं; पण खरा सुगावा हुकला असता. म्हणून तीच चाचणी सकाळी, रात्रभर मेन बंद ठेवून केली.

पहिल्या दोन प्रयत्नांत मेमटेस्ट सुरू होऊन मिनिटभरात मशीन आपोआप रीसेट झालं. ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालतो, त्याच्याशी विंडोजचा काही संबंध नाही. म्हणजे फॉरमॅट मारणं हा उपाय नव्हे याचा इथेच पुरावा मिळाला. तिसऱ्या प्रयत्नात चाचणी पुढे सरकली आणि लाल ओळी आल्या. पत्ते विखुरलेले, एक इकडे तर एक तिकडे. काही मिनिटांनी चुका थांबल्या आणि चाचणी संपेपर्यंत पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या सकाळी एकच पट्टी लावली, त्याच्या पुढच्या सकाळी दुसरी, स्लॉटही बदलला. दोन्ही वेळा चित्र तेच. खराब रॅम साधारणपणे त्याच त्या पत्त्यांवर चुका दाखवते, आणि पट्टी काढली की चुका तिच्याबरोबर जातात. इथे दोन वेगवेगळ्या पट्ट्या दोन वेगवेगळ्या स्लॉटमध्ये सारख्याच वागल्या आणि गरम झाल्यावर दोघीही सुधारल्या. पट्ट्यांच्या पिना खोडरबराने पुसूनही पाहिल्या, त्याने काही बदललं नाही. दोघींना पोसणारी वीजच अस्वच्छ आहे, याशिवाय दुसरा अर्थ लागत नाही.

एसएमपीएस : मीटर पास म्हणतो, तरीही नापास

कॅबिनेट उघडून २४ पिनांचं कनेक्टर बोर्डला लावलेलंच ठेवलं आणि मीटरची तार मागच्या बाजूने पिनेत घालून वाचन घेतलं. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. या तिन्ही रेषांना पाच टक्क्यांची मुभा असते: १२ ची रेषा ११.४० ते १२.६०, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७ पर्यंत चालते.

गार मशीनवर बायोसमध्ये १२ ची रेषा ११.६२ दाखवत होती आणि लोगो आल्यावर ११.४८ वर उतरली. ५ ची रेषा ५.०९ वरून ५.१४ वर चढली. एक उतरते आणि दुसरी चढते, हे स्वस्त एसएमपीएसचं ठरलेलं लक्षण आहे. त्यात १२ आणि ५ या दोन्ही रेषा एकाच नियंत्रणावर बांधलेल्या असतात, म्हणून १२ वर ओढ वाढली की ते सर्किट दोघींचा मध्य साधायला बघतं. पण आकडे पाहिले तर सगळे हद्दीत. कागदावर एसएमपीएस पास.

इथेच बहुतेक दुरुस्त्या वाट चुकतात. हातातला मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि मधल्या काळाची सरासरी दाखवतो. व्होल्टेजमधला पाच-दहा मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. १२ आणि ५ च्या रेषेवर जी लहर असते, म्हणजे रिपल, तीही त्याला दिसत नाही. पीसीच्या एसएमपीएसना लागू असणाऱ्या एटीएक्स मानकात १२ च्या रेषेला १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ च्या रेषांना ५० मिलिव्होल्टपर्यंतच लहर चालते, आणि ती मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून मीटरचं उत्तर एकाच बाजूने विश्वासाचं आहे. आकडा हद्दीबाहेर असेल तर एसएमपीएस नक्की खराब; हद्दीत असेल तर काहीच सिद्ध होत नाही. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरतो का हे पाहण्याची जी पद्धत आहे ती तर याहून फसवी, कारण तेव्हा एसएमपीएसवर जवळपास भारच नसतो.

मशीन लोगोवरच का पडतं, त्याचंही उत्तर भारात आहे. बायोसमध्ये प्रोसेसरचं काम नाममात्र असतं. लोगो आला की कर्नल एकामागून एक ड्रायव्हर भरू लागतं, सगळे कोर जागे होतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर सुरू होतो आणि दोन्ही डिस्कांवर वाचन चालू होतं. प्रवाह काही मिलिसेकंदांत दुप्पट होतो. ही अचानक ओढ भरून काढायचं काम एसएमपीएसच्या बाहेरच्या टोकाला बसलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचं, म्हणजे आत द्रव असलेल्या, वीज साठवून गरजेला देणाऱ्या छोट्या डब्यांचं. ते वाळले असतील तर खड्डा पडतो. खड्डा खोल असेल तर एसएमपीएस करड्या तारेवरचा 'पॉवर गुड' हा इशारा काढून घेतो आणि बोर्ड त्याच क्षणी रीसेट होतो. म्हणून काळी स्क्रीन आणि बगचेक शून्य. खड्डा उथळ असेल तर बोर्ड चालू राहतो, पण मेमरीतला एखादा बिट उलटतो. तो ज्याच्या वाट्याला जाईल त्याच्या नावाची निळी स्क्रीन येते, म्हणून नाव रोज वेगळं.

थंडीचा संबंधही याच कपॅसिटरांशी आहे. आतल्या द्रवाचा विद्युतरोध थंडीत वाढतो. नव्या कपॅसिटरला ते सहज पेलतं, कारण त्याच्याकडे भरपूर शिल्लक असते. वाळलेल्याची शिल्लक आधीच संपलेली असते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात त्यातून वाहणारा प्रवाह त्याला थोडा तापवतो आणि पाचव्या-सहाव्या वेळी तो कसाबसा काम करण्याजोगा होतो.

याची खात्री दोन चाचण्यांनी केली. एका गार सकाळी, प्लग काढलेला असताना, केस वाळवायच्या ड्रायरने एसएमपीएसच्या जाळीतून चार-पाच मिनिटं कोमट हवा सोडली. डबा हाताला कोमट लागेल इतकीच, जास्त नाही. मग प्लग लावून बटण दाबलं आणि मशीन पहिल्याच प्रयत्नात विंडोजपर्यंत गेलं. दुसऱ्या सकाळी एक चांगला, माहितीतला एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवून नुसती कनेक्टरं जोडली: २४ पिनांचं, प्रोसेसरचं ४ पिनांचं आणि दोन साटा. रात्रभर मेन बंद होता, तरी मेमटेस्टमध्ये एकही लाल ओळ नाही.

काढलेला डबा नंतर उघडला. इथे सावध करणं गरजेचं आहे: आतल्या मोठ्या कपॅसिटरांत मिळून ३२० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. ज्याला तो उतरवायची पद्धत माहीत नाही त्याने स्क्रू फिरवू नयेत. आत ५ च्या रेषेवरच्या २२०० मायक्रोफॅरडच्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली होती आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट थर साचला होता. मोजल्यावर दोघांचीही क्षमता निम्म्याच्या खाली आलेली होती. बाहेरून पाहताना या डब्यात काहीच वावगं नव्हतं; पंखा फिरत होता, वासही नव्हता.

बदलीचा एसएमपीएस निवडताना वॅटचा आकडा वाढवायचा मोह टाळला. या प्रोसेसरची कमाल उष्णता-मर्यादा ५४ वॅट आहे. हार्डडिस्क फिरायला लागताना ओढते ते २०-२५ वॅट धरले तरी सगळं मशीन १०० वॅटच्या आसपासच राहतं. ४५० काय, ३०० वॅटही पुरले असते. कमी पडला तो दर्जा. ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला आणि १०५ अंशांपर्यंत टिकणारे कपॅसिटर असलेला ४५० वॅटचा एसएमपीएस साधारण दोन-तीन हजारांत बसतो. जुन्या डब्यातले कपॅसिटर बदलणं फार स्वस्त पडलं असतं, पण ज्या डब्यात सुरुवातीपासून हलका माल भरला आहे त्यावर दुकानाचं बिलिंग सोपवणं योग्य नव्हे.

एक गोष्ट बदल केल्यावर तपासायची असते. काही अॅक्टिव्ह पीएफसीचे (भिंतीतून वीज सुधारित पद्धतीने ओढणारं सर्किट असलेले) एसएमपीएस साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर टिकत नाहीत. लाइट गेली की यूपीएस शिट्टी मारतो आणि मशीन तरी बंद पडतं. म्हणून पुढे सांगितलेली विंडोजची दुरुस्ती झाल्यावर, टॅली बंद करून, विंडोज चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहिला. मशीन चालू राहिलं.

वीज सुधारली, आता विंडोज अडलं

नव्या एसएमपीएसवर पहिला बूट लोगो ओलांडून गेला आणि 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या पाटीवर थांबला. दर वेळी तीच पाटी, तोच टप्पा, गार असो वा गरम. लक्षण स्थिर झालं, म्हणजे हा वेगळा बिघाड. इतक्या वेळा अर्ध्यात पडल्याने फाइल सिस्टिमला इजा होणं अपेक्षितच होतं. सिस्टिम३२ मधल्या लॉगफाइल्स फोल्डरातली एसआरटी ट्रेल ही नोंद उघडली, तर बूटसाठी लागणारी एक फाइल खराब असल्याची ओळ मिळाली.

रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिलं काम म्हणजे डिस्कपार्टने व्हॉल्यूमची यादी पाहणं. तिथे विंडोजचं ड्राइव्ह सी असेलच असं नाही. इथे ते डी झालं होतं. मग त्या ड्राइव्हवर चेकडिस्क ही फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा, फक्त स्लॅश एफ घालून. एसएसडीवर स्लॅश आरने तासन्‌तास सेक्टर तपासायची गरज नव्हती. त्यानंतर विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी एसएफसी, ऑफलाइन पद्धतीने, म्हणजे बूटचं आणि विंडोजचं फोल्डर दोन्ही नावानिशी सांगून. नुसतं स्कॅननाऊ दिलं तर ते रिकव्हरीच्या स्वतःच्या सिस्टिम फाइलीच तपासत बसतं. एसएफसीने काही फाइली दुरुस्त झाल्या नाहीत असं कळवलं, तेव्हा त्याच आवृत्तीच्या विंडोजची पेनड्राइव्ह लावून डीआयएसएमने, एसएफसी ज्यातून चांगल्या फाइली उचलतं तो मूळ संच दुरुस्त केला आणि एसएफसी पुन्हा चालवला. या वेळी तो विनातक्रार संपला.

बूटची सुरुवात नव्याने लिहिणाऱ्या बूटरेकच्या आज्ञा मुद्दाम टाळल्या. विंडोजचा लोगो दिसतो म्हणजे बूट मॅनेजरने आपलं काम केलेलं असतं, तिथे ढवळाढवळ करून फायदा नाही. आणि रेजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगच्या साठ्याची, प्रत रेगबॅक फोल्डरातून परत आणायचा जो सल्ला अजून जागोजागी सापडतो, तो विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून घातक आहे. तेव्हापासून त्या फोल्डरातल्या फाइली शून्य बाइटच्या असतात. त्या मूळ जागी चिकटवल्या तर थोडी बिघडलेली रेजिस्ट्री पूर्ण रिकामी होते.

मशीन परत देण्याआधी ते दुकानातच ठेवून, रात्री मेन बंद करून, पाठोपाठच्या सकाळी पहिल्याच दाबात उघडतं का ते पाहिलं गेलं. सगळ्या सकाळी उघडलं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची नवी नोंद आली नाही. फास्ट स्टार्टअप बंदच ठेवलं, एसएसडीवर त्याने वाचणारा वेळ नगण्य आहे. टॅलीचा रोजचा बॅकअप आता हार्डडिस्कबरोबर एका पेनड्राइव्हवरही जातो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, त्यामुळे या मशीनवर एसएमपीएसपलीकडे खर्च करू नका असं दुकानदाराला स्पष्ट सांगितलं. नवीन मशीन घेतलं की हाच एसएमपीएस त्यात वापरता येईल. त्या बोर्डला प्रोसेसरसाठी ४ ऐवजी ८ पिनांचं कनेक्टर लागतं का, एवढं आधी पाहून घ्यायचं.